उंचीची पट्टी आणि शिपाईगिरी : धारवाड-बेळगाव परिसरातील सैन्यभरतीच्या शारीरिक निकषांचा इतिहास

प्रस्तावना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातील धारवाड, विजापूर, कारवार आणि बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. ही सीमा भाषेच्या आधारावर आखली होती. तिच्यासाठी कोणी माणसांची उंची मोजली नव्हती. परंतु सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणापुरती ती उंचीचीही सीमा झाली आहे. सामान्य शिपाई पदासाठी भूदलाच्या भरती-जाहिरातींत महाराष्ट्र 'मध्य' विभागात मोडतो आणि त्याची किमान उंची १६८ सेंटिमीटर आहे. कर्नाटक आणि गोवा 'दक्षिण' विभागात येतात, तेथे १६६ सेंटिमीटर पुरतात. चंदगडचा १६७ सेंटिमीटर उंचीचा मुलगा पट्टीखालून परत फिरतो. त्याचा बेळगाव तालुक्यातला आतेभाऊ तेवढ्याच उंचीवर पुढच्या चाचणीसाठी मैदानात उतरतो. दोघांचे पूर्वज एका जिल्ह्यातले, जेवणाची भाकरी तीच आणि शेतही त्याच डोंगराच्या दोन उतारांवर असते.

हे २ सेंटिमीटर कोठून आले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर शोधू लागल्यास त्याहून मोठा प्रश्न समोर उभा राहतो. सैनिकाचे शरीर मोजण्याची पद्धत मुळात कशासाठी सुरू झाली, आणि वेगवेगळ्या बांध्यांच्या माणसांना ती न्याय देते काय? प्रस्तुत लेखात धारवाड-बेळगाव परिसर आणि त्याला लागून असलेला मराठी मुलूख यांच्या सैन्यभरतीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. शारीरिक निकष असूच नयेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही. शिपाईगिरी हे अंगमेहनतीचे काम आहे आणि अंगमेहनतीच्या कामाला कसोटी हवीच. मुद्दा एवढाच की कसोटीचा कामाशी असलेला संबंध वेळोवेळी तपासावा लागतो. तो तपासला नाही, तर काम बदलते, कसोटी तशीच राहते, आणि तिच्या आडोशाला पूर्वग्रह सुखाने नांदतात.

पट्टीपूर्वीचा शिपाई

ब्रिटिश अमलापूर्वी या प्रदेशात शिपाई निवडण्याची रीत निराळी होती. गावोगावी शेतसनदी असत. चाकरीच्या मोबदल्यात त्यांना जमीन मिळे आणि बोलावणे आले की त्यांनी देसाईच्या किंवा सरकारच्या कामाला हजर व्हावे, असा शिरस्ता होता. ही चाकरी बहुधा बापाकडून मुलाकडे येई. धारवाड आणि बेळगाव यांच्या मध्ये असलेल्या कित्तूर संस्थानात १८२४ साली राणी चन्नम्मांनी कंपनी सरकारशी लढा दिला. त्यानंतर तो लढा पुढे नेणारा संगोळ्ळी रायण्णा हा अशाच शेतसनदी वर्गातला होता. त्याच्या वर्गाची पात्रता कोणी इंचांत मोजली नव्हती. जमिनीचा हक्क, घराण्याची चाकरी आणि गावाने दिलेली ग्वाही हीच त्याची कसोटी होती. ती न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, कारण ज्याच्या घराण्याला सनद नाही त्याला तेथे वाव नव्हता.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनीही गरजेच्या वेळी याच वर्गाचा आधार घेतला. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठे युद्धात कर्नल थॉमस मन्रो धारवाड येथे होता. त्याच्या हाताशी कवायती फौज फारच थोडी होती. त्याने स्थानिक प्याद्यांची भरती केली आणि त्यांना घेऊन नवलगुंदपासून बदामी, बेळगाव व सोलापूरपर्यंतचा मुलूख व किल्ले घेण्याची मोहीम पार पाडली. हे प्यादे कवायतीत वाढलेले नव्हते. त्यांना मुलखाची माहिती होती, ऊन-पाणी सोसण्याची सवय होती आणि पायांत बळ होते. मोहिमेला तेवढे पुरले. पुढे जेव्हा जेव्हा सरकारला माणसांची निकड भासली, तेव्हा तेव्हा निकष असेच लवचीक झाले. निकड संपताच ते पुन्हा ताठ झाले, हेही याच इतिहासात दिसते.

उंचीच्या निकषाचा उगम

उंचीचा आग्रह केवळ डौलासाठी धरला गेला असे मानणे योग्य होणार नाही. अठराव्या शतकातील पायदळाची बंदूक तोंडाने भरावी लागे. कंपनीच्या पायदळात प्रचलित असलेल्या बंदुकीची नुसती नळी ३९ इंच लांब होती आणि संपूर्ण बंदूक सुमारे साडेचार फुटांची. ती जमिनीवर उभी धरून नळीत दारू व गोळी घालायची, मग लांब गज आत ठासायचा, आणि हे सारे रांगेत खांद्याला खांदा लावून झटपट करायचे. फार ठेंगण्या माणसाला ही क्रिया अवघड जाई. संगिनीच्या लढाईत लांब हाताचा फायदाही होता. म्हणजे उंचीच्या निकषाला त्या काळी कामाचा आधार होता.

तरीही तिन्ही इलाख्यांच्या फौजांनी उंचीला सारखेच महत्त्व दिले नाही. बंगालच्या फौजेत अवध व बिहारकडील उंचापुऱ्या उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता आणि देखणी रांग हा तेथील अधिकाऱ्यांच्या अभिमानाचा विषय होता. मुंबईच्या फौजेत कोकण व दख्खनमधील मराठे, महार, मुसलमान आणि इतर जातींचे लोक एकत्र होते. हा शिपाई उंचीने कमी, पण काटक आणि कमी गरजांचा, असा त्याचा लौकिक होता. १७६८ मध्ये उभी राहिलेली आणि पुढे 'जंगी पलटण' म्हणून प्रसिद्ध झालेली तुकडी याच मुंबई फौजेतली. तिच्यापासून आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास मोजला जातो.

१८६० नंतरच्या दशकांत मागून भरायच्या बंदुका आल्या. आता शिपाई आडवा पडून, बसून किंवा झाडाआडूनही बंदूक भरू शकत होता. ठेंगणा माणूस उलट शत्रूला कमी दिसू लागला. उंचीच्या निकषामागचे मूळ कारण अशा रीतीने नाहीसे झाले. तरी उंचीची पट्टी भरतीच्या मैदानावरून हलली नाही.

याच शतकात शरीर मोजण्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटले यांनी ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा अभ्यास १८४६ मध्ये प्रसिद्ध केला. मापे एका मध्याभोवती नियमाने विखुरलेली असतात, असे त्यांनी दाखवले. सरासरी माणूस हा जणू निसर्गाचा आदर्श आणि त्यापासून ढळणारा माणूस म्हणजे निसर्गाची चूक, असा अर्थ यातून सहज निघू लागला. परंतु सरासरी एका लोकसमूहाची असते. एका समूहाची सरासरी दुसऱ्याला लावली की निरोगी माणूसही सदोष ठरतो.

लढवय्या कोणाला म्हणावे?

१८५७ नंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असताना, काही जमाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, हा सिद्धांत भरतीचे धोरण बनला. भरतीचा ओघ पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडे वळला. दक्षिणेकडील अनेक समाजांसाठी दरवाजे लहान झाले.

भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार माहितीपुस्तिका तयार झाल्या. कॅप्टन आर. एम. बेथम यांची मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरील पुस्तिका १९०८ मध्ये निघाली. आपल्या परिसराच्या दृष्टीने तिचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. विजापूरच्या आदिलशाहीपासून या भूमीत वाढलेल्या आणि शिपाईगिरीवर पोट भरणाऱ्या मुसलमान घराण्यांतील तरुण तेथे मराठा तरुणांच्या बरोबरीने चाकरी करीत. अशा पुस्तिकांमध्ये समाजाचा इतिहास, रीतिरिवाज, सण आणि कोठून कसा माणूस मिळेल याची चर्चा असे. म्हणजे समोर उभ्या असलेल्या तरुणाला पाहण्यापूर्वीच त्याच्या जमातीविषयीचे मत अधिकाऱ्याच्या हाती छापील स्वरूपात असे.

या धोरणाचा सर्वांत कठोर फटका महार समाजाला बसला. मुंबईच्या फौजेत महार सैनिक पिढ्यान्पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतही ते होते. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. त्यांची उंची अचानक कमी झाली नव्हती किंवा छाती आत गेली नव्हती. पलटणी जातवार रचण्याचे ठरले आणि त्या रचनेत त्यांना जागा ठेवली गेली नाही. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास याविरुद्ध सरकारला उद्देशून अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज पाठवला. महारांना सैन्यात व पोलिसांत पुन्हा घ्यावे ही त्यातील प्रमुख मागणी होती.

दुसरीकडे गोरख्यांची गोष्ट पाहावी. उंचीने ते इतर बहुतेक जमातींपेक्षा कमी. परंतु सरकारचा त्यांच्या शौर्यावर विश्वास होता, म्हणून त्यांच्यासाठी उंचीची अट खाली आणली गेली. आजही गोरखा उमेदवारासाठी १५७ सेंटिमीटर पुरतात. या दोन उदाहरणांवरून असे दिसून येते की, ज्याला घ्यायचे होते त्याच्यासाठी पट्टी वाकली आणि ज्याला घ्यायचे नव्हते त्याच्यापर्यंत पट्टी आणलीच गेली नाही. निर्णय पट्टीपूर्वीच झालेला होता.

दोन महायुद्धांची परीक्षा

पहिल्या महायुद्धाने या कल्पनांची परीक्षा घेतली, आणि ती खुद्द इंग्लंडात सुरू झाली. १९१४ मध्ये तेथे सैन्यासाठी किमान उंची ५ फूट ३ इंच होती. खाणीत काम करणारे, अंगाने मजबूत पण बुटके कामगार या अटीमुळे परत पाठवले जात होते. बर्कनहेडचे खासदार आल्फ्रेड बिगलंड यांनी युद्धखात्याची परवानगी मिळवून ५ फूट ते ५ फूट ३ इंच उंचीच्या माणसांच्या स्वतंत्र पलटणी उभ्या केल्या. लहान चणीच्या झुंजार कोंबड्याच्या जातीवरून त्यांना 'बॅन्टम' असे नाव पडले. आरंभीच्या तुकड्यांतील माणसे कणखर निघाली. पुढे मात्र त्यांची जागा भरण्यासाठी जे बुटके तरुण घेतले गेले, त्यांपैकी अनेक जण कुपोषित व दुर्बळ होते, आणि १९१७ च्या सुमारास या पलटणींचे वेगळेपण संपुष्टात आले. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उंची कमी म्हणून माणूस दुबळा नसतो. परंतु उंचीची अट सैल करून ताकदीची खरी तपासणी केली नाही, तर तेही फसते.

आपल्याकडील पलटणी याच युद्धात मेसोपोटेमियात होत्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार आणि रोगराई सोसून त्यांनी ते ठाणे धरून ठेवले. पंजाबी, राजपूत आणि इंग्रज पलटणी त्यांच्या शेजारीच होत्या. मोर्चा सांभाळण्याच्या कामात कोण किती उंच, हा प्रश्न तेथे कोणाला पडला असेल असे वाटत नाही.

मनुष्यबळाची टंचाई वाढली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले, पण या वेळी मागणी अधिक संघटित होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सैन्यात सुभेदार होते, त्यामुळे बंदीचा अर्थ त्यांना घरातूनच माहीत होता. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि ती धारवाडपासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या बेळगावात. ज्या बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेथेच अर्धशतकाची बंदी मोडली गेली, याची नोंद आपल्या परिसराच्या इतिहासात ठळकपणे व्हावयास हवी. ही रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे.

आजची मोजणी

स्वातंत्र्यानंतर सैन्यभरती तत्त्वतः सर्वांना खुली झाली. जमातीच्या जागी प्रदेश आला. आजच्या निकषांत सामान्य शिपायासाठी पश्चिम मैदानी प्रदेशाला १७० सेंटिमीटर, पूर्व मैदानी प्रदेशाला १६९, मध्य विभागाला १६८, दक्षिण विभागाला १६६, पश्चिम हिमालयाला १६३ आणि पूर्व हिमालयाला १६० अशी उंची लागते. आदिवासी उमेदवाराला १६२ सेंटिमीटर चालतात. सैनिकाच्या मुलाला २ सेंटिमीटरची सूट आहे.

या कोष्टकाकडे दोन बाजूंनी पाहता येते. प्रदेशाप्रदेशांत माणसांची ठेवण निराळी असते आणि एकच माप सर्वांना लावणे अन्यायाचे होईल, हे सैन्याने स्वतःच मान्य केले आहे. ही चांगली गोष्ट आहे. परंतु प्रदेश ठरवला तो राज्याच्या सीमेवरून. माणसाची ठेवण अधिवासाच्या दाखल्याने ठरत नाही. चंदगड आणि बेळगाव, निपाणी आणि कागल, जत आणि विजापूर येथील मुलांच्या बांध्यात २ सेंटिमीटरचा फरक १९५६ साली एका रात्रीत पडला नव्हता. सैनिकाच्या मुलाला मिळणारी सूटही नेमकी २ सेंटिमीटरची आहे, हे येथे लक्षात घ्यावे. वडिलांच्या नोकरीवरून ज्या २ सेंटिमीटरकडे दुर्लक्ष करता येते, ते २ सेंटिमीटर शिपायाच्या कामात निर्णायक असतील, असे मानणे कठीण आहे.

उंचीपाठोपाठ छाती येते. न फुगवता ७७ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढ हवी. ही सुटी सुटी मापे शरीराचा एकत्रित अंदाज देत नाहीत. फ्रेंच लष्करी डॉक्टर पिन्ये यांनी १९०१ मध्ये यावर एक सोपा हिशेब सुचवला होता. उंचीच्या सेंटिमीटरमधून छातीचे सेंटिमीटर आणि वजनाचे किलो यांची बेरीज वजा करायची. बाकी जितकी कमी, तितका बांधा भरीव. कल्पना करू की एक तरुण १६० सेंटिमीटर उंच, छाती ८४ आणि वजन ५८ किलो आहे. त्याची बाकी १८ येते. दुसरा १७५ सेंटिमीटर उंच, छाती ८० आणि वजन ५५ किलो. त्याची बाकी ४०. या हिशेबाने पहिला तरुण कितीतरी दणकट ठरतो. भरतीच्या मैदानावर मात्र पहिला परत जातो आणि दुसरा पुढे सरकतो. हा हिशेबही अपुराच आहे, कारण चरबी आणि स्नायू यांतला फरक त्याला कळत नाही. पण एकट्या उंचीवर विसंबणे किती फसवे आहे, ते त्यातून समजते.

यानंतर धाव आणि बीम. २०२२ मध्ये अग्निपथ योजना सुरू झाल्यावर १.६ किलोमीटर धावणे ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करणाऱ्याला ६० गुण आणि बीमवर १० पुल-अप काढणाऱ्याला ४० गुण, अशी पद्धत होती. शिवाय ९ फुटांचा चर ओलांडणे आणि तोल सांभाळत चालणे यांत नुसते उत्तीर्ण व्हायचे. धावणे आणि पुल-अप या दोन्हींत माणूस स्वतःचेच वजन वाहतो. हलक्या बांध्याच्या मुलाला त्यात साहजिकच सोपे जाते. प्रत्यक्ष शिपाईगिरीत मात्र शस्त्र, दारूगोळा, पाणी आणि पाठपिशवी वाहावी लागते, जखमी सोबत्याला उचलावे लागते. वीस-पंचवीस किलोंचे ओझे ५० किलोंच्या माणसासाठी स्वतःच्या वजनाच्या निम्मे होते, ७५ किलोंच्या माणसासाठी एक तृतीयांश. म्हणून मैदानात मागे पडलेला आडव्या बांध्याचा गडी ओझे घेऊन डोंगर चढताना पुढे जाऊ शकतो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील डेटन विद्यापीठाचे पॉल वॅन्डरबर्ग यांनी २००८ मध्ये तेथील सैन्याच्या चाचण्यांविषयी हेच मांडले. जोर, उठाबशा आणि लांब पल्ल्याची धाव यांत केवळ लठ्ठच नव्हे तर मोठ्या बांध्याच्या निरोगी सैनिकांनाही कमी गुण पडतात. ओझे वाहणे व उचलणे या प्रत्यक्ष कामांत मात्र तेच सरस ठरतात, आणि बढती गुणांवर अवलंबून असल्यामुळे हलक्या सैनिकांना लाभ होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यावरून आपल्या भरतीचे एक विचित्र रूप लक्षात येते. उंचीची अट बुटक्याला बाहेर काढते, तर धाव आणि बीम यांचे गुण जाडजूड हाडाच्या मुलाला मागे टाकतात. उंच आणि सडपातळ बांधा दोन्हींतून तरतो. तोच बांधा ओझे वाहण्याच्या कामाला सर्वांत योग्य आहे, असे मात्र या दोन्ही चाचण्यांतून सिद्ध होत नाही.

बेळगावचा २०१९ चा मेळावा आणि न्यायालयाचा निर्णय

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात आणखी एक आरंभ झाला. लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून स्त्रियांची भरती प्रथमच होत होती आणि तिच्या सुरुवातीच्या मेळाव्यांपैकी एक येथे भरला. १.६ किलोमीटर धावणे साडेसात मिनिटांत केल्यास पहिला गट, आठ मिनिटांपर्यंत दुसरा, १० फूट लांब उडी, ३ फूट उंच उडी, असे निकष होते. पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूरच्या केंद्रातून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. या पदासाठीची किमान उंची २०१९ च्या जाहिरातीत १४२ सेंटिमीटर होती. पुढच्या वर्षी ती १५२ झाली आणि अग्निवीर भरतीत १६२. तीन-चार वर्षांत पट्टी २० सेंटिमीटर वर गेली. लष्करी पोलिसाचे काम तेवढ्या काळात २० सेंटिमीटरने बदलले काय, असा प्रश्न विचारला पाहिजे. १४२ ही अट फार खाली होती असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही असू शकेल. पण मग १६२ चा आधार काय, हे जाहिरात सांगत नाही.

स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने त्यांना कायम सेवेचा मार्ग खुला झाला. त्यानंतर त्यांना 'शेप-एक' ही वैद्यकीय श्रेणी लावण्यात आली. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांवर ही श्रेणी ठरते. पुरुष अधिकाऱ्यांची ही तपासणी कायम सेवेच्या वेळी, म्हणजे साधारण पंचविशी-तिशीत होत असे. स्त्रियांना त्या वयात संधीच दिलेली नव्हती, आणि आता तीच श्रेणी चाळिशी-पन्नाशीत मागितली जात होती. २५ मार्च २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या प्रकरणात निकाल दिला. वैद्यकीय निकष चुकीचा आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. तो ज्या वेळी व ज्या रीतीने लावला गेला त्यामुळे अप्रत्यक्ष भेदभाव होतो, असे म्हटले, आणि सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी प्रकृती कशी होती ते पाहावे, असा आदेश दिला. नियमाचे शब्द सर्वांना सारखे असले तरी त्याचा परिणाम सारखा असेलच असे नाही, हे तत्त्व लष्करी तंदुरुस्तीच्या संदर्भात त्यातून स्पष्ट झाले.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असाच विचार केला होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जंगलातील आग विझवणाऱ्या टॉनी मेओरिन यांचे काम समाधानकारक होते. नव्याने आलेल्या चाचणीत २.५ किलोमीटर ११ मिनिटांत धावायचे होते. त्यांना ४९.४ सेकंद जास्त लागले आणि नोकरी गेली. न्यायालयाने विचारले की, ही चाचणी कामाशी जोडलेली आहे काय, ती प्रामाणिक हेतूने ठरवली काय, आणि काम सुरक्षितपणे होण्यासाठी तेवढीच मर्यादा आवश्यक आहे हे सिद्ध झाले आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरकारला देता आले नाही, आणि मेओरिन यांना नोकरी परत मिळाली.

एक आक्षेप

पट्टीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे आणि ते टाळणे योग्य होणार नाही. भरतीला हजारो मुले येतात. पट्टी झटपट मोजते, सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजते आणि तिला वशिला चालत नाही. निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला, तर दलालांचे फावेल आणि त्यात सर्वांत आधी गरीब घरचा मुलगाच भरडला जाईल. शेतसनदीच्या काळातील घराणेशाही आणि पुस्तिकांच्या काळातील जातवारी पाहिल्यावर, मोजता येणाऱ्या निकषाचे मोल कमी लेखता येत नाही.

परंतु यावर उपाय मोजणे सोडून देण्यात नाही, योग्य गोष्ट मोजण्यात आहे. ठरावीक वजनाची पाठपिशवी घेऊन ठरावीक अंतर चालणे, वाळूची पोती ठरावीक उंचीवर चढवणे, माणसाच्या वजनाचा पुतळा ओढत नेणे, हेही घड्याळ लावून सर्वांसमोर मोजता येते. २०२३ पासून भरतीत संगणकावरील लेखी परीक्षा आधी होते आणि मैदानावर निवडक मुलेच येतात. अशा चाचण्या घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ज्याने लेखी परीक्षेची पायरी ओलांडली, त्याला एका सेंटिमीटरवरून परत पाठवण्याआधी त्याच्या पाठीवर ओझे देऊन पाहणे अवघड नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. उंचीच्या निकषाला तोंडाने भरायच्या बंदुकीच्या काळात कामाचा आधार होता, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपला. त्यानंतर निकष टिकला तो सवयीने, आणि त्याच्या सोबतीला जमातींविषयीच्या कल्पना आल्या. गरज पडली तेव्हा तो प्रत्येक वेळी वाकवला गेला, आणि वाकवल्यामुळे पलटणी दुबळ्या झाल्या असे महार रेजिमेंटच्या किंवा गोरख्यांच्या इतिहासावरून दिसत नाही. ज्यांनी बदल घडवला, मग ते अर्ज लिहिणारे निवृत्त सैनिक असोत की न्यायालयात गेलेल्या स्त्री अधिकारी, त्यांनी कसोटी सोपी करा असे म्हटले नाही. कसोटीला उभे राहण्याचा हक्क त्यांनी मागितला.

धारवाड, हुबळी, बेळगाव आणि सीमेपलीकडच्या तालुक्यांतील कितीतरी मुले वर्षानुवर्षे पहाटे उठून डांबरी रस्त्यांवर धावतात. त्यांत मराठा, लिंगायत, मुसलमान, महार, धनगर अशा सर्व घरांतली मुले असतात. उंची सरावाने वाढत नाही. धाव, ताकद आणि दम सरावाने वाढतात. ज्या गोष्टी कष्टाने मिळवता येतात त्यांवर निवड होणे, आणि जन्माने मिळालेल्या गोष्टीवर निवड होत असेल तर तिचे कारण स्पष्टपणे सांगितले जाणे, एवढी अपेक्षा या मुलांनी ठेवली तर ती अवाजवी नाही. चंदगडच्या मुलाला आपण का परतलो हे कळायला हवे. 'तुझे गाव सीमेच्या या बाजूला आहे' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.